किब्ला, रस्ता आणि शेजार : नव्या मशिदीसाठी शहरात जागा पाहताना

१९९० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. मी एका वास्तुविशारदाच्या कचेरीत आरेखक होतो. शिक्षण आयटीआयचे, दोन वर्षांचे. बाकी जे काही शिकलो ते ड्रॉइंग बोर्डावर वाकून आणि रद्दीच्या दुकानातून आणलेली पुस्तके वाचून. एके दिवशी एका तालुक्याच्या गावाहून चार मंडळी आली. त्यांना मशीद बांधायची होती. जागा घेऊन झाली होती. मोजणीचा नकाशा त्यांनी टेबलावर पसरला. त्यांच्यातले हाजीसाहेब मला म्हणाले, "भाऊ, घुमट मोठा काढा, लांबून दिसला पाहिजे."

आमच्या कचेरीतून ती जागा पाहायला कोणीही गेले नाही. मीही गेलो नाही. मोजणीच्या नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून, रस्त्याला समांतर अशी एक आयताकृती इमारत मी काढली, वर घुमट काढला, दोन मिनार काढले. मंडळी खूश झाली. मशीद बांधून झाली आणि पहिल्याच पावसाळ्यात शेजारच्या नाल्याचे पाणी आत शिरले. शिवाय लोक नमाजाला उभे राहिले तेव्हा लक्षात आले की इमारतीचे तोंड एकीकडे आणि मक्का दुसरीकडे. फरक सतरा अंशांचा होता. आजही तिथे फरशीवर तिरके पट्टे रंगवलेले आहेत आणि माणसे भिंतींना तिरकी उभी राहतात. तो नकाशा माझ्या हातचा आहे.

पुढे तीस वर्षे मी जमेल तसा या विषयाचा पाठपुरावा केला. मशिदीच्या वास्तूबद्दल आपल्याकडे जे लिहिले जाते ते घुमट, कमानी आणि नक्षी यांच्याबद्दल. ती मशीद जिथे उभी आहे ती जागा कशी निवडली, त्या जागेने इमारतीकडून काय मागितले, हे फारसे कोणी सांगत नाही. वास्तविक बरे-वाईट जे व्हायचे ते तिथेच होऊन जाते. या लेखात त्या जागेबद्दल थोडे सांगायचे आहे.

दिशेचा हिशेब

देवळाला गाभारा लागतो, चर्चला वेदी लागते. मशिदीला त्या अर्थाने काहीच लागत नाही. लागते ती एक दिशा. मक्केतल्या काबाकडे तोंड करून, खांद्याला खांदा लावून, सरळ रांगांत उभे राहायचे, हा नमाजाचा गाभा. त्या दिशेला किब्ला म्हणतात. किब्ल्याच्या भिंतीत एक कोनाडा असतो, तो मिहराब. बाकी सारे, म्हणजे घुमट, मिनार, कमानी, ही परंपरेची देणगी आहे, आवश्यकता नव्हे.

आपल्याकडे सर्रास म्हटले जाते की नमाज पश्चिमेकडे तोंड करून पढतात. ते ढोबळमानाने खरे आहे. मुंबईहून काबाची दिशा काढली तर ती ठीक पश्चिमेला येत नाही; पश्चिमेपासून सुमारे दहा अंश उत्तरेकडे येते. ढाक्याहून ती साडेसात अंश उत्तरेकडे येते. इंग्लंडमधल्या केंब्रिजहून पाहिले तर पूर्वेपासून तीस अंश दक्षिणेकडे. पृथ्वी गोल असल्यामुळे हा हिशेब सपाट नकाशावर पट्टी ठेवून करता येत नाही, गोलावरच्या त्रिकोणमितीने करावा लागतो. मध्ययुगातल्या मुस्लिम गणितज्ञांनी या त्रिकोणमितीवर जी मेहनत घेतली, तिच्यामागे ही रोजची गरज हेही एक मोठे कारण होते.

जागेवर उभे राहून ही दिशा पडताळण्याची एक सोपी रीत आहे आणि ती मला फार आवडते. वर्षातून दोनदा सूर्य बरोबर काबाच्या माथ्यावर येतो. एकदा २७-२८ मेच्या सुमाराला आणि दुसऱ्यांदा १५-१६ जुलैच्या सुमाराला. आपल्या घड्याळात तेव्हा अनुक्रमे दुपारचे २ वाजून ४८ मिनिटे आणि २ वाजून ५७ मिनिटे झालेली असतात. त्या क्षणी जमिनीत उभी काठी रोवली तर तिच्या सावलीची बरोबर उलटी दिशा म्हणजे किब्ला. होकायंत्र जवळपासच्या लोखंडी सळयांनी, उभ्या मोटारीने फसते. काठीची सावली फसत नाही. जुलैत आपल्याकडे ढग असतात, म्हणून मे महिना गाठावा.

आता हा कोन जागेच्या निवडीत एवढा महत्त्वाचा का? शहरातला भूखंड रस्त्याला धरून आखलेला असतो. रस्ता नदीच्या, टेकडीच्या, जुन्या तटबंदीच्या किंवा रेल्वेच्या मर्जीने गेलेला असतो. त्याला मक्केशी देणेघेणे नसते. त्यामुळे बहुतेक शहरी भूखंड किब्ल्याला तिरके असतात. माझ्या त्या चुकलेल्या मशिदीचेच उदाहरण घ्या. दालनाची रुंदी ५० फूट. सतरा अंशांच्या तिरकेपणामुळे रांगेचे एक टोक भिंतीला टेकले की दुसरे टोक भिंतीपासून सुमारे १५ फूट लांब राहते. मध्ये जो त्रिकोण उरतो तो सुमारे ३८० चौरस फुटांचा. नमाजासाठी एका माणसाला दोन फूट रुंद आणि चार फूट लांब, म्हणजे आठ चौरस फूट जागा धरली, तर पुढच्या त्रिकोणात पंचेचाळीसेक माणसांच्या जागेचा घोळ होतो आणि तेवढाच मागच्या त्रिकोणात. त्या जागेत तुटक, अर्धवट रांगा लागतात. पहिल्या रांगेत उभे राहण्याला विशेष पुण्य मानतात आणि इथे नेमकी पहिली रांगच कापली जाते.

यावर उपाय तीन. एक, किब्ल्याला सरळ असलेली जागा शोधणे. दोन, इमारतच रस्त्याला तिरकी बांधणे. यात भोवती विचित्र कोपरे उरतात आणि शहरातल्या जागेच्या भावाने ते परवडत नाहीत. तीन, बाहेरून रस्त्याचे ऐकणे आणि आतून किब्ल्याचे.

तिसऱ्या उपायाचा एक जुना आणि देखणा नमुना कैरोत आहे. ११२५ साली फातिमी खिलाफतीच्या वजिराने, अल-मामून अल-बताइहीने, शहराच्या मुख्य रस्त्यावर अल-अकमर ही लहानशी मशीद बांधवली. जागा मोक्याची, पण रस्ता आणि किब्ला यांचे जमत नव्हते. बांधणाऱ्यांनी दर्शनी भिंत रस्त्याला समांतर ठेवली, आतले अंगण आणि दालन किब्ल्याला धरून फिरवले, आणि या दोहोंमध्ये जी पाचर उरली ती भिंतीच्या कमी-अधिक जाडीत आणि छोट्या खोल्यांत जिरवली. रस्त्यावरून जाणाऱ्याला सरळ, नक्षीदार दगडी भिंत दिसते; आत गेलेल्याला सरळ अंगण दिसते. वळण कुठे झाले हे कळतही नाही. कैरोच्या मशिदींनी पुढे शतकानुशतके ही युक्ती वापरली.

माणसे मोजायची कशी

दिशेनंतर प्रश्न येतो तो माणसांचा. कमिटीला विचारले की मशीद किती लोकांसाठी, तर उत्तर बहुधा गावातल्या एकूण वस्तीवरून येते. तसे धरून चालत नाही.

मशिदीची गर्दी तीन प्रकारची असते. पहिली रोजची, पाच वेळांची. ही मशिदीपासून पायी येण्याच्या अंतरावर कोण राहते आणि कोण काम करते यावर ठरते. बाजारपेठेतल्या मशिदीत दुपारची आणि तिसऱ्या प्रहरची रांग मोठी असते, पहाटे शुकशुकाट. वस्तीतल्या मशिदीत नेमके उलट, पहाटे आणि रात्री माणसे जास्त. दुसरी गर्दी शुक्रवारच्या दुपारची, जुम्म्याची. ती जमातीनेच पढायची असल्यामुळे रोजच्या कितीतरी पट माणसे त्या तासाभरात येतात. तिसरी गर्दी दोन ईदांची. तिच्यासाठी इमारत बांधणे व्यवहार्य नाही, आणि पूर्वजांनाही ते ठाऊक होते. म्हणून तर गावाबाहेर ईदगाहची मोकळी जागा राखण्याची पद्धत पडली.

म्हणजे बांधायचे ते जुम्म्याच्या हिशेबाने, पण आठवड्यातल्या उरलेल्या वेळात ती इमारत ओस वाटता कामा नये. जुन्या मशिदींनी यावर काढलेला तोडगा म्हणजे अंगण, ज्याला सहन म्हणतात. रोजच्या रांगा दालनात, जुम्म्याच्या वाढीव रांगा अंगणात. शहरातल्या नव्या जागेवर अंगण आधी कापले जाते, कारण तिथे बांधकाम करता येते. आणि अंगण कापले की शुक्रवारची माणसे रस्त्यावर येतात.

इथे थोडे थांबून सांगितले पाहिजे. रस्त्यावर येणाऱ्या या रांगांवरून आपल्या शहरांत वाद होतात. ते वाद धर्माचे म्हणून मांडले जातात, लढवले जातात. त्यांतले किती वाद मुळात चौरस फुटांचे असतात, हे मोजून पाहण्याची तसदी कोणी घेत नाही. चारशे माणसांना आठ चौरस फुटांप्रमाणे ३२०० चौरस फूट निव्वळ रांगांसाठी लागतात. त्यात जिना, चपला, वजू, येण्याजाण्याच्या वाटा मिळवा. जागा घेतानाच हा हिशेब केला असता तर पुढच्या पन्नास वर्षांचे एक भांडण तिथेच मिटले असते.

रांगांवरून भूखंडाच्या आकाराबद्दलही एक गोष्ट निघते. रांग आडवी असते, किब्ल्याला काटकोनात. म्हणून किब्ल्याच्या दिशेने खोल आणि अरुंद जागेपेक्षा आडवी, रुंद जागा चांगली. शहरात दुकानगाळ्यांच्या मधले भूखंड नेमके अरुंद आणि खोल असतात. ते स्वस्त मिळाले तरी दहादा विचार करावा.

आणि चपला! मशिदीच्या दारात चारशे जोड एकदम निघतात आणि पुन्हा एकदम पायांत चढतात. दार थेट रस्त्यावर उघडत असेल तर हा सगळा खेळ रस्त्यात होतो. दार आणि रस्ता यांच्या मध्ये निदान एका ओसरीइतकी जागा हवी. स्त्रियांसाठी वेगळे दार ठेवायचे असेल तर भूखंडाला दुसरी वाट आहे का, हेही तेव्हाच पाहावे. नाहीतर ते दार मागच्या बोळात, कचराकुंडीशेजारी निघते, आणि मग 'बायका येतच नाहीत' असे म्हणायला सगळे मोकळे.

पाणी येते कुठून, जाते कुठे

नमाजाआधी हात, तोंड, पाय धुतात. त्याला वजू म्हणतात. म्हणजे मशिदीला पाणी लागते आणि तितकेच पाणी बाहेरही जावे लागते. शिवाय सर्वसाधारण रीत अशी की शौचालयात बसताना तोंड किंवा पाठ किब्ल्याकडे येऊ नये. त्यामुळे शौचालय कुठेही ढकलून चालत नाही. सांडपाण्याची सरकारी वाहिनी भूखंडाच्या कोणत्या अंगाला आहे ते आधी पाहावे लागते.

पाण्याच्या बाबतीत आपल्याकडचेच एक उदाहरण फार बोलके आहे. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळची जामा मशीद. काम १७७५ च्या सुमारास सुरू झाले आणि १८०२ मध्ये पुरे झाले. ही जागा एका कोकणी मुसलमान व्यापाऱ्याची होती आणि तिथे एक जुना तलाव होता. तलाव जसाच्या तसा राखला जावा, या अटीवर त्याने जागा दिली, असे नोंदवलेले आहे. बांधणाऱ्यांनी ती अट पाळली. तलावाच्या तळातून काळ्या दगडाच्या सोळा कमानी उभारल्या आणि त्यांच्यावर मशीद उभी केली. आजही आत गेले की पायऱ्या उतरून पाणी लागते, त्यात मासे फिरताना दिसतात. एरवी तलाव म्हणजे बांधकामातली अडचण. बुजवून टाकणे सोपे. इथे अडचणच वजूचा हौद झाली आणि इमारतीची ओळखही. मी पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा त्या पायऱ्यांवर बसून मला आमचा नाला आठवला. आम्ही नाल्याकडे पाहिलेच नव्हते, तेव्हा त्याच्यातून मार्ग काढण्याचा प्रश्नच आला नाही.

ढाक्यातली एक तिरकी जागा

हे सगळे धागे एकत्र आलेले पाहायचे असतील तर ढाक्याला जावे लागेल. शहराच्या उत्तरेला उत्तरा नावाचा भाग आहे, त्यातल्या फैदाबादमध्ये बैतुर रऊफ ही मशीद आहे. वास्तुविशारद मरीना तबस्सुम. त्यांच्या आजीने, सुफिया खातून यांनी, आयुष्यात बरीच दुःखे सोसल्यानंतर आपल्या जमिनीतला एक तुकडा मशिदीसाठी दिला आणि आराखडा नातीकडे सोपवला. आधी तात्पुरते छप्पर उभे राहिले. मशीद पुरी होण्याआधीच आजी गेल्या. मग वर्गणी गोळा करणे, आराखडा करणे, बांधकाम करवून घेणे, सगळे नातीवर आले. २०१२ मध्ये मशीद पूर्ण झाली. खर्च सुमारे दीड लाख अमेरिकी डॉलर, बहुतेक स्थानिक लोकांच्या वर्गणीतून. २०१६ मध्ये तिला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

जागा सुमारे साडेसातशे चौरस मीटर, म्हणजे आठ हजार चौरस फुटांच्या आसपास. भोवती दाट वस्ती. आणि जागेचा अक्ष किब्ल्याला तेरा अंशांनी तिरका. हीच माझी जुनी अडचण, सतराऐवजी तेरा.

तबस्सुम यांनी काय केले ते पाहा. बाहेरून चौरस इमारत, जागेला धरून. त्या चौरसाच्या आत विटांचे एक वर्तुळ, म्हणजे उभे नळकांडे. आणि त्या वर्तुळाच्या आत नमाजाचे चौरस दालन, किब्ल्याला धरून फिरवलेले. वर्तुळाला स्वतःची दिशा नसते. त्यामुळे बाहेरचा चौरस एका दिशेला आणि आतला दुसऱ्या दिशेला असला तरी दोघांचे भांडण दिसत नाही. वर्तुळ मध्यस्थी करते. कैरोच्या कारागिरांनी जे काम भिंतीच्या जाडीकडून करून घेतले, ते इथे वर्तुळाने केले आहे. आतला चौरस आणि वर्तुळ यांच्या मध्ये चार बाजूंना ज्या फटी उरल्या, त्या आकाशाला उघड्या ठेवल्या. तिथून उजेड खाली उतरतो. बाहेरचा चौरस आणि वर्तुळ यांच्यातल्या कोपऱ्यांत इतर गरजेच्या जागा बसवल्या. म्हणजे तिरकेपणामुळे वाया जाणाऱ्या प्रत्येक त्रिकोणाला काहीतरी काम मिळाले.

दालनाचे छत कडेच्या आठ खांबांवर उभे आहे. मध्ये एकही खांब नाही, म्हणून रांगा तुटत नाहीत. भिंती विटांच्या, जागोजागी जाळीच्या. वारा खेळता राहतो. ढाक्याच्या दमट उकाड्यात ही चैन नसून गरज आहे. घुमट नाही, मिनार नाही. किब्ल्याच्या भिंतीत एक उभी फट ठेवली आहे, तिच्यातून येणारी उजेडाची रेघ दिशा सांगते. ती फट अशा बेताने तिरकी ठेवली आहे की नमाज पढणाऱ्याला बाहेरचे जाणारे-येणारे दिसू नयेत.

मला मात्र या इमारतीतली सगळ्यांत शहाणपणाची गोष्ट वाटते ती तिचे जोते. ते उंच आहे. पावसाळी, सखल ढाक्यात पाणी तुंबते, तेव्हा मशीद कोरडी राहते. आणि एरवी त्या उंच जोत्यावर पोरे खेळतात, म्हातारी माणसे अजानची वाट पाहत गप्पा मारत बसतात. दाट वस्तीत बसायला दुसरी जागा नसते, हे जागा पाहतानाच ध्यानात आले असले पाहिजे. पाणी अडवण्यासाठी बांधलेली एक गोष्ट मोहल्ल्याचा कट्टा झाली. आमच्या मशिदीला असे तीन फुटांचे जोते असते तर पहिल्या पावसात चटया भिजल्या नसत्या.

शेजार

जागेचा अभ्यास म्हणजे केवळ आपल्या हद्दीतल्या जमिनीचा अभ्यास नव्हे. समोरच्या घरात कोण राहते, त्याच्या खिडकीवर सावली कोणत्या महिन्यात पडेल, शाळा-दवाखाना किती लांब, गाड्या कुठे लागतील, आवाज कुठवर जाईल, हे सारे त्यात येते. युरोपात या प्रश्नांनी राजकीय रूप घेतलेले आहे. स्वित्झर्लंडमध्ये २००९ साली सार्वमत घेऊन नव्या मिनारांवर बंदी घालण्यात आली. अशा वातावरणात केंब्रिजच्या मुसलमानांना नवी मशीद बांधायची होती. जुनी जागा अपुरी पडत होती, माणसे बाहेरपर्यंत येत होती.

त्यांनी मिल रोडवर सुमारे एक एकर जागा घेतली. रस्त्याला लागून विटांची बैठी चाळवजा घरे, लहान दुकाने. वास्तुविशारद होते मार्क्स बारफिल्ड, लंडनचा प्रसिद्ध 'लंडन आय' पाळणा ज्यांनी रचला तेच. २०१९ मध्ये उघडलेल्या या मशिदीत सुमारे एक हजार माणसे मावतात. पण रस्त्यावरून पाहिले तर ती दबकत मागे सरकलेली वाटते. दर्शनी बाजूला सर्वांसाठी खुली बाग. बागेतून ओसरी, ओसरीतून मधला चौक, तिथून वजूची जागा आणि शेवटी नमाजाचे दालन. रस्त्याच्या गोंगाटातून माणूस टप्प्याटप्प्याने शांत होत आत जातो. चपलांचा, गर्दीचा, थांबण्याचा सगळा प्रश्न या टप्प्यांत विरतो. मोटारी तळघरात घातल्या आहेत आणि केंब्रिज हे सायकलींचे शहर असल्यामुळे सायकलींना भरपूर जागा दिली आहे. इमारतीची उंची शेजारच्या घरांशी जुळती, आणि विटांचे रंगही केंब्रिजच्या जुन्या घरांचेच, पिवळसर आणि लाल. आतले छत लाकडी झाडांसारख्या खांबांनी तोलले आहे. छपरातून इतका उजेड येतो की दिवसा दिवा लावण्याची गरज पडत नाही.

समोरची बाग शेजाऱ्यांना देऊन टाकणे हा जागेच्या अभ्यासातला निर्णय आहे. हिशेब करणारा म्हणेल, तेवढ्या जागेत आणखी दोन-तीनशे माणसे मावली असती. मावली असती. पण मग शुक्रवारी तेवढीच माणसे शेजाऱ्याच्या दारात उभी राहिली असती.

शेवटी कागद

या सर्वांच्या आधी एक प्रश्न असतो आणि तो मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. जागा कोणाची? मशिदीसाठी एकदा वक्फ केलेली जागा तत्त्वतः कायमची त्याच कामाची. ती विकता येत नाही, वारसांत वाटता येत नाही. घर चुकले तर विकून दुसरे घेता येते. इथे ती सोय नाही. म्हणून जागेची निवड ही जवळजवळ न पुसता येणारी रेघ आहे.

इस्लामी परंपरेत जागा निवडण्याची पहिली कथा मदिनेची आहे. प्रेषित मुहंमद मदिनेला पोहोचले तेव्हा त्यांची सांडणी जिथे बसली ती जागा सहल आणि सुहैल या दोन पोरक्या भावांची होती. तिथे खजूर वाळवत. परंपरा सांगते की मुलांनी ती फुकट देऊ केली, पण प्रेषितांनी किंमत देऊनच ती घेतली. पोरक्या मुलांची जमीन दानात घेणे सोपे होते. तरी ती विकत घेतली गेली, ही गोष्ट प्रत्येक मशीद कमिटीने भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे.

गेल्या वर्षी त्याच तालुक्याच्या गावाहून फोन आला. हाजीसाहेब आता नव्वदीच्या घरात आहेत. वस्ती वाढली आहे, जुनी मशीद पुरत नाही, एक गृहस्थ नवी जागा द्यायला तयार आहेत. "भाऊ, या वेळी तुम्ही आधी या," ते म्हणाले. मी गेलो. शुक्रवार गाठून गेलो आणि जुन्या मशिदीच्या दारातले चपलांचे जोड मोजले : ३१२. रस्त्यावरच्या रांगा वेगळ्या. मग नव्या जागेवर पहाटे, दुपारी आणि दिवेलागणीला उभा राहिलो. जागा रुंद, कोन अवघा चार अंशांचा, उतार रस्त्याकडे, नाला लांब. पलीकडे एक शाळा होती, तिची सुटण्याची वेळ लिहून घेतली. इतकी चांगली जागा मी पूर्वी पाहिली नव्हती.

संध्याकाळी सातबारा पाहिला. देणाऱ्या गृहस्थांच्या नावाबरोबर त्यांच्या बहिणीचेही नाव होते. तिला विचारले का, म्हटल्यावर सगळे गप्प झाले. ती दुसऱ्या जिल्ह्यात राहते, विधवा आहे, भावाच्या शब्दाबाहेर जाणार नाही, असे कोणीतरी म्हणाले.

हाजीसाहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी नातवाला सकाळच्या एसटीची वेळ विचारली. मला म्हणाले, "भाऊ, तुमचा कागद आत्ता गुंडाळून ठेवा. आधी तिला विचारू, काय किंमत म्हणेल ती देऊ. मग तुम्ही रेघ मारा."

कागद अजून गुंडाळलेलाच आहे. बोलणी चालू आहेत. या वेळी मला घाई नाही.